मला चालेल, पण...

आमच्या सोसायटीच्या कार्यालयात एक लांबट टेबल आहे, सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत आणि भिंतीवर गणपतीचा फोटो आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे व्यवस्थापन समितीची बैठक भरते. पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, थकबाकीदार, पार्किंग हे नेहमीचे विषय. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका बैठकीत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा विषय निघाला. मालक नोकरीसाठी परगावी गेले होते, त्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. एजंटाने भाडेकरू आणले होते. नवरा औषध कंपनीत, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी पाचवीत. डिपॉझिट तयार, पोलीस पडताळणीचे कागद तयार. अर्जावरचं आडनाव वाचून सेक्रेटरींनी कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"माणसं चांगली दिसतायत," ते म्हणाले. "माझी काहीच हरकत नाही. पण बाकीच्या मेंबरांना चालेल का?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं, की नोकरीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं मुसलमान सहकारी होता, ईदेला शिरखुर्म्याचा डबा घरी यायचा. त्यांना चालेल, पण घरात म्हातारी आई आहे. खजिनदारांना चालणार होतं, पण उद्या कोणाला फ्लॅट विकायचा झाला तर भाव पडतो असं लोक म्हणतात. एका ताईंना चालणार होतं, पण त्यांच्या मजल्यावरच्या इतरांचं त्यांना सांगता येत नव्हतं. टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो आणि सहाही जणांना चालणार होतं. मी म्हटलं, "लोकांशी बोलून घेऊ या." कोणी कोणाशी बोललं नाही. इतिवृत्तात नोंद झाली : 'कागदपत्रे अपूर्ण असल्याने अर्ज तूर्त प्रलंबित.' कागदपत्रं पूर्ण होती. त्या इतिवृत्तावर माझी सही आहे.

हा लेख त्या सहीपासून सुरू होतो. तिथे बसलेल्यांपैकी एकालाही मी दुष्ट म्हणणार नाही. ती अडल्यानडल्याला धावून येणारी माणसं आहेत. म्हणूनच प्रश्न सुटत नव्हता. सहाही जणांना चालणार होतं, तर त्या घराचं दार लावलं कोणी?

•

हे दार जुनं आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. शेवटी पारशी असल्याचं भासवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. वरच्या मजल्यावर अडगळीचं सामान, मिणमिणता दिवा आणि सोबतीला कोणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली डझनभर पारशी माणसं जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायचा दम देऊन गेली.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी पुढचा प्रसंग लिहिला आहे, आणि माझ्या प्रश्नाची किल्ली मला तिथे सापडली. बडोद्यात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनाही त्यांनी आसरा मागितला. हिंदू मित्राला फार वाईट वाटलं, पण बाबासाहेब घरी राहायला आले तर नोकर काम सोडून जातील, असं त्याने सांगितलं. ख्रिस्ती मित्राची बायको दुसऱ्या दिवशी येणार होती, तिला विचारल्याशिवाय काही ठरवता येणार नव्हतं. दोघांनाही चालणार होतं. एकाच्या नोकरांना चालणार नव्हतं, दुसऱ्याच्या बायकोला कदाचित चाललं नसतं. त्या वेळच्या भारतातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एक असलेले बाबासाहेब मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट बघत बागेत बसून राहिले.

काठ्या घेऊन आलेले लोक निदान स्वतःच्या नावाने आले होते. मित्रांचे नकार मात्र दुसऱ्याच्या नावावर होते. आमच्या टेबलावरचे सहा नकार या दुसऱ्या जातीचे.

•

माणसाच्या मनातला दुरावा मोजायचा प्रयत्न समाजशास्त्राने गेली शंभर वर्षं केला आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले एमरी बोगार्डस यांनी १९२०च्या दशकात एक साधी शिडी तयार केली. अमुक वंशाच्या माणसाला तुम्ही आपल्या देशात पाहुणा म्हणून येऊ द्याल का? नागरिक म्हणून? नोकरीत सहकारी म्हणून? गल्लीत शेजारी म्हणून? जवळचा मित्र म्हणून? आणि शेवटी, लग्नाच्या नात्याने घरचा म्हणून? या शिडीला 'सामाजिक अंतराची मोजपट्टी' म्हणतात. माणूस कोणत्या पायरीवर थांबतो, त्यावरून त्याचं अंतर कळतं.

पण माणूस सांगतो तसं वागतो का? स्टॅनफर्डचे रिचर्ड लापिएर यांनी १९३०च्या सुमारास हे तपासून पाहिलं. अमेरिकेत तेव्हा चिनी लोकांबद्दल उघड तिटकारा होता. लापिएर एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीने देशभर हिंडले. हॉटेलं, खाणावळी मिळून २५१ ठिकाणी ते गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून त्यांनी विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' असं कळवलं. कागदावर नकार, दारात स्वागत.

हा अभ्यास वाचताना मला आमची बैठक आठवत राहिली. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने धावते. तोंडाने आपण होकार देतो आणि नकार दारात देतो. लापिएर यांच्या हॉटेलवाल्यासमोर इस्त्रीचे कपडे घातलेलं हसतमुख जोडपं प्रत्यक्ष उभं होतं, त्यांच्या तोंडावर नाही म्हणणं जड होतं. आमच्यासमोर अर्ज होता. ती शिक्षिका समोरच्या खुर्चीत बसलेली असती, तर 'कागदपत्रं अपूर्ण' हे शब्द कोणाच्या तोंडून निघाले असते का?

प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२०मध्ये भारतभर सुमारे ३०,००० प्रौढांशी सतरा भाषांत बोलून धर्माबद्दलची मतं नोंदवली. २०२१ साली आलेल्या त्या अहवालात दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. खरा भारतीय होण्यासाठी सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा, असं ८४ टक्के लोक म्हणाले. त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदूंनी मुसलमान शेजारी नको असं सांगितलं, जैनांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के निघालं. बहुतेकांचे जवळचे मित्र आपापल्या धर्मातलेच होते. आंतरधर्मीय लग्न रोखण्याच्या प्रश्नावर तर हिंदू आणि मुसलमान एका सुरात बोलले. आपल्या बायकांना धर्माबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे, असं ६७ टक्के हिंदू म्हणाले आणि ८० टक्के मुसलमानही.

हे आकडे पाहून ८४ टक्के लोक खोटं बोलले असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण मला तो पटत नाही. त्यांचा आदर खरा आहे. आपल्या मनातला आदर असा आहे की तुमचा देव तुमच्या जागी, आमचा आमच्या जागी, आणि मधे वाट मोकळी. दर्ग्याला नवस बोलणारं हिंदू घर महाराष्ट्रात गावोगाव सापडेल, मोहरमच्या ताबुतापुढे नाचणारी हिंदू पोरं सापडतील. तेच घर भाड्याच्या खोलीसाठी आडनाव विचारतं. बोगार्डसच्या शिडीवर आपण सणापर्यंत चढतो आणि जिन्यापाशी थांबतो. जिना सामाईक असतो, नळ सामाईक असतो, पोरं एकत्र खेळतात, स्वयंपाकाचा वास भिंत मानत नाही. आपली परीक्षा तिथे आहे.

•

ही परीक्षा दिल्लीच्या परिसरात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. त्यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये २०१५ साली छापून आला. घरमालकांना आणि एजंटांना उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुसलमान नावांनी भाड्याच्या घराची विचारणा केली गेली. दलितांना अडचणी आल्या, मुसलमानांना त्याहून जास्त. सरळ नकाराखेरीज वाढीव भाडं, जाचक अटी, 'आत्ताच दिला हो फ्लॅट' असे आडमार्गही होते. मुंबई-ठाण्यात भाड्याचं घर शोधलेल्या कोणालाही एजंटाचा 'कोणत्या समाजाचे?' हा पहिला प्रश्न पाठ असतो. भाडं किती परवडेल, हा दुसरा.

कायदा इथे अर्ध्यावर थांबतो. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्या मातीत झाला, तिथल्या माणसाला या शब्दांचं मोल वेगळं सांगायला नको. खासगी घराचा मात्र त्यात उल्लेख नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध धरला. चार भिंतींत मला कोणाबरोबर राहायचं हे मी ठरवणार, हा हक्क आपल्याला न्याय्य वाटतो, जोवर तो आपल्यावर चालत नाही तोवर. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला, मराठी आहे म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारली गेली आणि महाराष्ट्र खवळला. तो राग रास्त होता. त्या दिवशी मला चौथ्या मजल्यावरची ती शिक्षिका आठवली. तिच्यासाठी कोणी खवळलं नव्हतं. तिला नकार देणाऱ्यांतच मी होते.

अशा एकेका नकाराने शहराचा नकाशा बदलतो. १९९२-९३च्या मुंबई दंगलीत ९०० माणसं मेली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेले इतर किंवा ओळख न पटलेले. दंगल विझल्यावर मिश्र वस्त्यांतून माणसं निघाली. मुसलमान कुटुंबं मुंब्र्याकडे, मीरा रोडकडे गेली, हिंदू कुटुंबं हिंदूबहुल भागाकडे. पांगलेल्या घरांतली मुलं पुढे वेगवेगळ्या शाळांत गेली. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे निदान शिरखुर्म्याच्या डब्याची आठवण आहे. त्यांच्या नातवाकडे तीही नाही, त्याच्याकडे मोबाइलवर आलेले व्हिडिओ आहेत. आधी अंतर पडतं, मग त्या अंतरात भीती उगवते आणि ती भीती पुढच्या नकाराचं कारण होते. मन कलुषित होतं म्हणून माणसं दूर जातात, असं आपण समजतो. पुष्कळदा दूर राहिल्याने मन कलुषित होत जातं.

•

हे चक्र उलटं फिरवता येतं का, हे पाहण्यासाठी मी भिवंडीला गेले. कल्याण नाक्यावरून आत वळलं की यंत्रमागांचा खटखटाट सुरू होतो आणि थोड्या वेळाने तो कानात राहत नाही, छातीत राहतो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन मागांमधून एकच माणूस जाईल एवढी वाट. धोटा इकडून तिकडे झेपावतो, कांडीवरचं सूत संपलं की कारागीर हात लांबवून माग थांबवतो, नवी कांडी भरतो, पुन्हा चालू करतो. कपड्यांवर, भुवयांवर कापसाची पांढरी पूड. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी, सुताच्या मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांनी, जुन्या कोकणी मुसलमान घराण्यांनी आणि भोवतालच्या आगरी गावांनी मिळून हे गाव उभं केलं. सूत उधारीवर येतं, सुताचा बीम खळ द्यायला सायझिंगमध्ये जातो, मागावर चढतो, न रंगवलेलं ग्रे कापड पेढीवर जातं. या साखळीत एकाही जातीधर्माचं एकट्याचं भागत नाही.

तरीही भिवंडी जळली. १९७०च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून दंगल पेटली आणि न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. १९८४च्या मे महिन्यात पुन्हा पेटली. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसं गेली. माग तेव्हाही चालू होते. उधारी तेव्हाही होती. 'पोटापाण्याने बांधलेली माणसं भांडत नाहीत' हे आपलं आवडतं वाक्य भिवंडीने दोनदा खोटं ठरवलं आहे. ऑफिसातला शिरखुर्म्याचा डबा आमच्या बैठकीत का उपयोगी पडला नाही, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. व्यवहारात भेटणं आणि एकत्र निर्णय घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९८८च्या सुमारास सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. मागच्या दंगलींचा अभ्यास करून त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सुमारे सत्तर समित्या, प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान समसमान, आणि साधे पोलीस शिपाई त्यांच्याशी जोडलेले. शांतता समित्या आपल्याकडे पूर्वीही होत्या. सणाच्या आदल्या दिवशी पुढाऱ्यांना बोलावायचं, चहा पाजायचा, फोटो काढायचा. खोपडे यांच्या समित्यांत चहावाला, मागवाला, दुकानदार, रिक्षावाला होते, आणि त्या सण नसतानाही भरत. विषय असायचे नळाची भांडणं, गटारं, पोरांच्या मारामाऱ्या, भाडेकरू-मालकांचे वाद, गल्लीत उठलेली एखादी आवई. आवई उठली की ती खरी का खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचं नाव असायचं.

६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई पेटली. दंगलीचं गाव म्हणून नोंदलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच प्रश्न आहे : मुंबई जळाली, भिवंडी का नाही?

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांच्या जोड्या घेऊन हाच प्रश्न अभ्यासला. त्यांच्या २००२च्या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की सणावाराची ये-जा, शेजारपाजारचं बोलणं खेड्यात पुरतं, पण मोठ्या शहरात तणावाच्या काळात टिकतात त्या संघटना, जिथे दोन्ही धर्मांची माणसं एकत्र काम करतात : कामगार संघटना, व्यापारी संघ, वाचक मंडळं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली अशा भेटीगाठींच्या चार अटी सांगितल्या होत्या. दोघांचा दर्जा सारखा हवा, हेतू एक हवा, तो गाठायला एकमेकांची गरज हवी, आणि वरच्या अधिकाऱ्याचा त्याला पाठिंबा हवा. पुढे जगभरच्या पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा संपर्काने दुजाभाव सर्वसाधारणपणे कमी होतो असंच दिसलं. भिवंडीच्या समितीत चारही अटी पूर्ण होत होत्या. मालक आणि मजूर भेटतात तेव्हा त्यांचा दर्जा सारखा नसतो. तुंबलेल्या गटारापुढे तो सारखा होतो.

भिवंडी कायमची बरी झाली, असं मी म्हणणार नाही. २००६ साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे हिंसाचार झाला, पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. सलोखा मागासारखाच आहे. कांडी संपते, ती कोणीतरी भरावी लागते.

•

सिंगापूरने हे काम माणसांच्या मर्जीवर सोडलं नाही. १९६४ साली तिथे चिनी आणि मलय लोकांत दंगली झाल्या होत्या. आज तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी योजनेच्या इमारतींत राहतात, आणि १९८९पासून प्रत्येक इमारतीत, प्रत्येक वस्तीत चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबांचं कमाल प्रमाण ठरवून दिलं आहे. याची किंमतही आहे. एखाद्या इमारतीत चिनी वाटा भरलेला असेल, तर अल्पसंख्य मालकाला आपलं घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही, गिऱ्हाइकं कमी म्हणून भाव कमी. वेगळेपण मोडायला सरकारने नोंदलेला वंश दारावर वागवावा लागतो, हेही मला टोचतं. पण एक गोष्ट सिंगापूरने ओळखली. मनं आधी बदलतील आणि मग माणसं शेजारी राहतील, असं थांबून चालत नाही. आधी जिना सामाईक होतो, मन मागून येतं.

•

आमच्या सोसायटीत तो विषय पुन्हा आला, दोन वर्षांपूर्वी. फ्लॅट दुसरा, मजला दुसरा, पण अर्ज तसाच. सेक्रेटरी बदलले होते, वाक्य तेच होतं : "माझी हरकत नाही, पण..." या वेळी मी घरून ठरवून गेले होते. म्हटलं, "ज्यांची हरकत आहे त्यांची नावं आणि कारण इतिवृत्तात लिहू या. ज्यांची नाही, त्यांचीही." वही मी माझ्याकडे ओढली, पेन काढलं आणि पहिलं नाव माझं लिहिलं : हरकत नाही. मग वही उजवीकडे सरकवली. टेबलाभोवती वही फिरली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ती बराच वेळ समोर धरली. त्यांची आई आता नाही. त्यांनी सही केली. हरकतीच्या रकान्यात एकही नाव आलं नाही. इतकी वर्षं ज्या 'लोकांना' चालणार नव्हतं, ते लोक वहीत सापडले नाहीत.

ते कुटुंब राहायला आलं. सगळं गोड झालं असं नाही. दोन घरं अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि लिफ्टमध्ये कधी कधी बोलणं थांबतं. पण गेल्या पावसाळ्यात गच्ची गळायला लागली, तेव्हा गच्चीची उपसमिती नेमली आणि तिच्यात त्या गृहस्थांना घेतलं. ते आणि काका दोघं मिळून ठेकेदाराशी भांडतात.

ज्यांना मी परत पाठवलं, ते पहिलं कुटुंब कुठे गेलं मला माहीत नाही. त्या वेळी पाचवीत असलेली मुलगी आता नोकरीला लागली असेल, कदाचित स्वतःसाठी भाड्याची खोली शोधत असेल. तिच्या घरात त्या रविवारबद्दल काय बोललं गेलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. जुनं इतिवृत्त कपाटातल्या फाइलमध्ये आहे. ते बदलता येत नाही, बदलूही नये. सहा सह्यांतली तिसरी माझी आहे.